नाचता येईना म्हणण्याआधी अंगणही बघा

मंडळी, या पानावर एरवी मी पाणी, रस्ते, घंटागाडी आणि तहसीलच्या रांगा यांच्याबद्दल लिहितो. आज कीबोर्डबद्दल लिहिणार आहे. हसू नका. विषय रांगेचाच आहे, फक्त रांगेच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बाजूनं. पोस्ट लांबलीय, चहा घेऊन बसा.

दहावी-बारावीचे निकाल लागले की दाखल्यांची झुंबड उडते. उत्पन्नाचा, रहिवासी, जातीचा, नॉन-क्रिमीलेअर. मागच्या जूनमध्ये या गर्दीबद्दल लिहिलं तेव्हा सगळ्यात जास्त राग निघाला तो ऑपरेटरवर. दोन बोटांनी टाईप करतो, नावं चुकवतो, मग दुरुस्तीसाठी परत हेलपाटा. राग खोटा नव्हता. पण त्याच आठवड्यात एका केंद्रात मी तासभर बसलो होतो. कुठलं ते सांगत नाही, पोराच्या पोटावर पाय नको. त्याच्या कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसलेली. एंटर दाबला की आतच बसायचा, नखानं उचलावा लागायचा. शिफ्ट तिरका लागला तर लागायचाच नाही. अशा फळीवर तो पोरगा दिवसाला साठ-सत्तर माणसांची नावं लिहीत होता.

'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण आपण फार सढळ हातानं वापरतो. कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं.

मी यावर बोलतोय कारण माझं पोटच या कामावर आहे. गेली २२ वर्षं कोर्टाच्या आवाराबाहेर टायपिंग करतो. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसनोंदीचे अर्ज, माहिती अधिकाराचे अर्ज, वकीलसाहेबांचे दावे आणि कैफियती. शिकलो ते इन्स्टिट्यूटमध्ये, लोखंडी मशीनवर. गोदरेजनं १९५५ साली देशी टाईपरायटर बाजारात आणला आणि पुढची पन्नासेक वर्षं आपल्याकडची कोर्टं, कचेऱ्या, पतसंस्था या मशीनवरच चालल्या. मूळ प्रतीखाली कार्बन घालून तीन-चार प्रती काढायच्या तर कळ नुसती दाबून भागायचं नाही, हाणावी लागायची. करंगळीनं हाणलेलं अक्षर पुसट यायचं आणि सर पाठीमागून म्हणायचे, "करंगळीला जेवायला घालत नाही काय रे?"

त्या मशीनचे हाल सांगायला बसलो तर वेगळी पोस्ट होईल. रिबन, अडकलेले टाईप, खाडाखोड, एका चुकीसाठी फुकट गेलेला स्टँपपेपर. तरी त्याच्यात एक गुण होता. कळ दाबली की बोटाला कळायचं, कानाला कळायचं आणि कागदावर दिसायचं. काम झालं की नाही, याची शंका उरायची नाही.

सुरुवातीच्या संगणकांचे कीबोर्डही जड आणि दणकट होते. आयबीएमचा १९८५ सालचा 'मॉडेल एम' अजूनही लोक जपून वापरतात. त्यात प्रत्येक कळीखाली स्प्रिंग असते आणि ती वाकताना 'टक्' असा आवाज येतो. पुढं संगणक स्वस्त करायची शर्यत लागली. किंमत कुठं कमी करायची? डब्याच्या आत हात घालणं अवघड, म्हणून डब्याबाहेरच्या वस्तू स्वस्त झाल्या. स्प्रिंग गेली आणि रबर आलं. सध्या कचेरीत, केंद्रात, शाळेत जो कीबोर्ड दिसतो त्याच्या आत प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे असतात आणि त्यांच्यावर रबराच्या छोट्या वाट्या. कळ दाबली की वाटी दबते, पापुद्रे एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटतं. करायला सोपं, स्वस्त, आवाज कमी. याला मेंब्रेन कीबोर्ड म्हणतात.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात स्प्रिंग, दांडा आणि धातूची पत्ती. सगळ्यात गाजलेला स्विच जर्मनीच्या चेरी कंपनीचा, एमएक्स नावाचा. त्याच्या पेटंटची मुदत संपली आणि चिनी कंपन्यांनी तशाच स्विचचा धडाका लावला. त्यामुळं पूर्वी हौशी लोकांपुरता असलेला हा प्रकार आता दोन-अडीच हजारांत मिळायला लागलाय. स्विच रंगावरून ओळखतात. निळा म्हणजे दाबताना खटका आणि 'टिक्' आवाज. तपकिरी म्हणजे बोटाला हलका अडथळा जाणवतो, आवाज मात्र कमी. लाल म्हणजे सरळ गुळगुळीत खाली जाणारा, खेळणाऱ्या पोरांचा आवडता.

माझ्याकडं हा कीबोर्ड आला तो भाच्यामुळं. पुण्याला इंजिनिअरिंग करतो. दिवाळीला आला आणि माझा जुना कीबोर्ड बघून म्हणाला, "मामा, इतकी वर्षं टायपिंग करतोस आणि हे वापरतोस? आमच्यातली पोरं गेम खेळायला याच्यापेक्षा भारी घेतात." मला ते लागलं. ते खरं होतं म्हणून जास्तच लागलं. जाताना स्वतःचा जुना कीबोर्ड ठेवून गेला, "वापरून बघ, नाही जमलं तर परत दे." त्याला चार वर्षं झाली. त्याचा परत दिला आणि स्वतःचा विकत घेतला, २,६०० रुपयांना. आता अनुभव सांगतो. चांगलं आणि वाईट, दोन्ही.

आधी फायदा. लोकांना वाटतं वेग वाढतो. माझा फारसा वाढला नाही. पहिले पंधरा दिवस तर कमीच झाला, कारण बोटांना खोली नवीन. फरक पडला तो चुकांमध्ये, आणि मराठी टायपिंगमध्ये हा फरक इंग्रजीपेक्षा मोठा आहे असं माझं मत आहे.

कसं ते बघा. मी इनस्क्रिप्टवर टाईप करतो. लोखंडी मशीनची सवय मोडून इकडं येताना तीन महिने बोटांची पार भंबेरी उडाली होती, पण युनिकोड आल्यावर दुसरा शहाणा रस्ता नव्हता. ही मांडणी आपल्याच देशात ठरलेली, भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ सालच्या मानकातली. हिच्यात काना, मात्रा, वेलांट्या, उकार डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. म्हणजे उजवा-डावा, उजवा-डावा अशी लेझीम चालते. जोडाक्षर करायला मध्ये हलंत दाबायचा. तो इंग्रजी डीच्या कळीवर, डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. नुसता 'महाराष्ट्र' लिहायचा तर दहा वेळा कळ दाबावी लागते. त्यात दोन हलंत आणि ष साठी एकदा शिफ्ट.

आता 'विठ्ठल' घ्या. व, वेलांटी, ठ, हलंत, ठ, ल. सहा कळा, त्यातल्या दोन ठ ना शिफ्ट. हलंत लागला नाही तर 'विठठल' होतो. शिफ्ट अर्धवट लागला तर 'विट्टल' होतो, कारण ट आणि ठ एकाच कळीवर आहेत. रबराच्या मरगळलेल्या कीबोर्डवर या दोन्ही गोष्टी रोज होतात. बोट खाली गेलं, रबर दबलं, तुम्हाला वाटलं लागलं. नजर कागदावर, कान पक्षकाराकडं. स्क्रीनवर विठठल.

तुम्ही म्हणाल, एका हलंतानं काय बिघडतं? सांगतो. माझ्याकडं महिन्यात चार-पाच माणसं तरी नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र करायला येतात. 'अमुक आणि तमुक ही एकाच व्यक्तीची नावं आहेत.' आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरं, बँकेत तिसरं. मागं एक म्हातारबाबा आले होते. पिशवीतून कागद काढायच्या आधीच म्हणाले, "भाऊ, एवढं नाव नीट घाला. मागच्या टायमाला लई हेलपाटं झालं." त्यांच्या नावात एक अक्षर फुटलं होतं. त्यासाठी दोन वेळा एसटीनं तालुक्याला, एक दिवसाचा रोजगार बुडाला, वर स्टँप, नोटरी आणि माझी मजुरी. चूक माणसाचीच असते, कीबोर्ड काही शपथेवर सांगत नाही. पण ज्या अवजारावर चूक झाल्याचं बोटाला कळतच नाही, त्या अवजारानं चुका वाढणारच.

मेकॅनिकलमध्ये हे बोटाला कळतं. कळ साधारण चार मिलिमीटर खाली जाते आणि दोनेक मिलिमीटरवरच अक्षर लागतं. माझ्या तपकिरी स्विचमध्ये त्याच टप्प्याजवळ हलका उंचवटा लागतो. उंचवटा ओलांडला की काम झालं, तळापर्यंत हाणायची गरज नाही. हलंत राहिला तर स्क्रीन बघायच्या आधी बोटालाच चुकल्यासारखं वाटतं. जिन्याची पायरी अंधारात हुकल्यावर वाटतं ना, तसं. माझ्या दिवसभराच्या चुका किती कमी झाल्या याची वही मी ठेवलेली नाही. पण वकीलसाहेबांकडून लाल पेनच्या खुणा होऊन परत येणारे कागद कमी झाले, हे त्यांनीच सांगितलं.

दुसरा फायदा टिकण्याचा. इथं जाहिरातीला भुलू नका. कंपन्या सांगतात, मेंब्रेनची कळ ५० लाख ते १ कोटी वेळा दाबली जाते, मेकॅनिकलची ५ ते १० कोटी वेळा. आकडा ऐकून डोळे फिरतात. मी माझा हिशेब मांडला. दिवसाला पंधराएक पानं धरली तर हलंताची कळ साधारण अठराशे वेळा दाबली जाते. वर्षाला पाच-साडेपाच लाख. म्हणजे कागदावर रबराचा कीबोर्डही नऊ-दहा वर्षं चालायला हवा. प्रत्यक्षात माझे वर्षभरात कामातून जायचे. कारण रबर एकदम मरत नाही, आधी मरगळतं. कळ चालू असते पण भरवसा गेलेला असतो. कचेरीत मात्र 'चालू आहे' म्हणजे बदलायचा नाही. मेलेला कीबोर्ड बदलून मिळतो, मरगळलेला मिळत नाही. लोकांच्या नावांची वाट लागते ती या मधल्या काळात.

मेकॅनिकलची एखादी कळ बिघडली तर तेवढीच दुरुस्त होते. काही कीबोर्डमध्ये तर स्विच चिमट्यानं उपसून नवीन बसवता येतो, डाग द्यावा लागत नाही. माझ्या कान्याची कळ तिसऱ्या वर्षी एकदा दाबली की दोनदा उमटायला लागली. भाच्यानं दोन स्विच पाठवले, दहा मिनिटांत काम झालं. कळींवरच्या टोप्या काढून कोमट पाण्यात धुता येतात. आमच्या दुकानासमोरच्या रस्त्याची धूळ तुम्हाला माहीत आहे, त्याबद्दल मागं लिहिलंच आहे.

पैशाचं म्हणाल तर बचत झाली असं मी म्हणणार नाही. साडेचारशेचा कीबोर्ड दरवर्षी बदलला तर पाच वर्षांत सव्वादोन हजार. माझा २,६०० चा, अधिक दोन स्विच. म्हणजे जवळपास बरोबरी. फरक इतकाच की पाच वर्षं रोज चांगल्या अवजारावर काम होतं, दर वर्षातले चार महिने मरगळलेल्यावर नाही.

आता तोटे. भाचा हे सांगत नाही, मी सांगतो.

पहिला तोटा आवाज. भाच्यानं ठेवलेला कीबोर्ड निळ्या स्विचचा होता. दुकानात रस्त्याच्या गोंगाटात तो खपून गेला. मार्चअखेरीला काम घरी आणलं. रात्री अकरा वाजता बायको आतून म्हणाली, "अहो, पत्र्यावर पाऊस पडतोय का काय? पोरांची झोपमोड होतीय." दोन खोल्यांच्या घरात निळा स्विच म्हणजे शेजाऱ्यांनाही शिक्षा. कचेरीत एका खोलीत सहा माणसं असतील तर सहा निळे कीबोर्ड म्हणजे छापखाना. कोर्टात साक्ष चालू असताना तर अजिबात नको, तिथं साक्षीदाराचा पुटपुटलेला शब्दही महत्त्वाचा असतो. म्हणून स्वतःचा घेताना मी तपकिरी घेतला. तरी तोही मेंब्रेनपेक्षा वाजतोच. लोखंडी मशीनवर शिकलेल्या आमच्यासारख्यांची हाणायची सवय जात नाही, त्यामुळं आणखी वाजतो.

दुसरा तोटा उंचीचा. हा कीबोर्ड जाड असतो. टेबल आधीच उंच असलं तर मनगट मागं मुडपतं. मला महिनाभरात मनगटात कळ यायला लागली. दुकानातल्या जुन्या टेबलाचे पाय सुतारानं दोन इंच कापले, मनगटाखाली गुंडाळलेला पंचा ठेवला, मग बरं वाटलं. हे नीट लक्षात घ्या. मेकॅनिकल कीबोर्ड म्हणजे औषध नाही. हात दुखणं खुर्ची, टेबल, बसायची पद्धत आणि मध्येमध्ये उठणं यावर जास्त अवलंबून असतं. हात मुंग्यांनी बधिर होत असेल तर कीबोर्डच्या दुकानात न जाता डॉक्टरकडं जा.

तिसरा तोटा आपल्या भाषेचा. या कीबोर्डवर देवनागरी अक्षरं छापलेली मिळत नाहीत म्हटलं तरी चालेल. साध्या कीबोर्डवर अधूनमधून मिळतात, यांच्यावर शोधून दमलो. मला न बघता येतं म्हणून अडत नाही. पण नवीन शिकणाऱ्यानं काय करायचं? स्टिकर लावले तर उन्हाळ्यात घामानं कडा सुटतात आणि तीन-चार महिन्यांत गळतात. लाल, हिरवे, जांभळे दिवे मात्र फुकट लावून देतात. मला लग्नाचा मांडव नको, ज्ञ कुठं आहे ते छापलेलं हवं. कोट्यवधी लोकांची भाषा आहे, पण कीबोर्ड विकणाऱ्यांच्या लेखी आपण अजून गिऱ्हाईक नाही.

चौथा तोटा, तो चहाला घाबरतोच. महाग आहे म्हणून पाण्याचा पक्का आहे असं नाही. पेला दूर ठेवा. वजनही चांगलं किलोभर, रोज पिशवीतून ने-आण करायची तर खांदा बोलतो.

आणि ज्याला दिवसातून चार मेल लिहायचे आहेत त्यानं यात पडूच नये. साडेचारशेचा त्याला पुष्कळ झाला. काहीजण म्हणतात, आता कोण टाईप करतं, फोनला बोललं की तो लिहितो. खरं आहे. मीही घरच्यांना निरोप बोलूनच पाठवतो. पण गट नंबर, चतुःसीमा, आडनावं, 'मयत' आणि 'हयात' हे बोलून लिहून बघा. एका शब्दानं जिवंत माणसाची वारसनोंद व्हायची. शिवाय पक्षकार समोर बसून घरातलं भांडण सांगत असतो, ते मोठ्यानं परत फोनला सांगायचं कसं? बाहेर दहा माणसं उभी असतात. काही मजकूर बोटांनीच लिहायचा असतो.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढं पाल्हाळ लावलं.

शिंपी स्वतःची कात्री दुसऱ्याला देत नाही. ऊसतोड कामगार कोयत्याची धार रोज बघतो. गवंडी थापी बदलतो. अवजार आणि मजुरी यांचा संबंध या लोकांना कुणी शिकवावा लागत नाही. मग टाईप करणाऱ्या माणसाचं अवजार कोण निवडतं? तो स्वतः सोडून बाकी सगळे. मी पाहिलेल्या संगणक खरेदीच्या कोटेशनमध्ये प्रोसेसर, रॅम, हार्डडिस्क यांना ओळीच्या ओळी असतात, आणि शेवटी 'कीबोर्ड व माऊस सह' एवढंच. त्या 'सह'मध्ये सगळ्यात स्वस्त माल येतो. साहेब त्यावर दिवसाला दोन ओळी लिहितात, ऑपरेटर दिवसभर. दोघांना एकच कीबोर्ड. याला समानता म्हणायचं का?

ग्रामपंचायतीतले संगणक परिचालक बघा. जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टी, दाखले, योजनांचे अर्ज, सगळं त्यांच्या बोटांतून जातं. आपल्या पोराचं नाव सरकारदरबारी पहिल्यांदा उमटतं ते यांच्यासारख्याच कुणाच्या तरी कीबोर्डवरून. तिथं कळ अडकली तर तो पोरगा पुढं दहावीच्या फॉर्मपर्यंत आणि पासपोर्टपर्यंत ती चूक वागवत जातो.

परीक्षेचंही तेच. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठीला मिनिटाला ३० शब्दांचा किंवा इंग्रजीला ४० शब्दांचा वेग लागतो. पोरं-पोरी वर्षभर इन्स्टिट्यूटमध्ये एका कीबोर्डवर हात बसवतात आणि परीक्षेच्या दिवशी समोर येईल तो कीबोर्ड. कुणाच्या वाट्याला नवा, कुणाच्या वाट्याला स्पेसबार खाणारा. दहा मिनिटांच्या परीक्षेत बोटं ओळख करून घेईपर्यंत वेळ निम्मा सरतो. लेखी परीक्षेला आपण स्वतःचा पेन नेतो. क्रिकेटर स्वतःची बॅट नेतो. मग तपासून, सील करून स्वतःचा साधा वायरवाला कीबोर्ड नेऊ द्यायला काय हरकत आहे? कॉपी होईल ही भीती रास्त आहे, काही कीबोर्डमध्ये मजकूर साठवता येतो हेही खरं. मग निदान केंद्रांवर एकाच प्रकारचे, परीक्षेआधी तपासलेले कीबोर्ड ठेवा आणि परीक्षार्थीला पाच मिनिटं हात बसवायला द्या. बिघडला तर बदलून द्या आणि गेलेला वेळ भरून द्या. एवढं तर मागता येईल.

सरसकट सगळ्यांना मेकॅनिकल द्या, असं माझं म्हणणं नाही. तसं झालं तर उद्या त्याचंही टेंडर निघेल आणि दिव्यांचे निळे कीबोर्ड येऊन सगळ्या कचेऱ्या खडखडतील. माझं म्हणणं एवढंच. जो माणूस दिवसाला चार तासांपेक्षा जास्त टाईप करतो, त्याला विचारून कीबोर्ड द्या. कुणाला मऊ रबर बरं वाटतं, कुणाला खटका. वर्षातून एकदा तपासा, आणि मरगळला की मरायची वाट न बघता बदला. मराठी काम करणाऱ्याला देवनागरी अक्षरं छापलेला द्या. ग्रामपंचायतीला हा खर्च झेपत नाही असं कुणी सांगू नये. स्वागताच्या एका फ्लेक्सच्या पैशात दोन साधे नवे कीबोर्ड येतात.

ज्यांना स्वतः घ्यायचाय त्यांच्यासाठी थोडक्यात. दुकानात जाऊन बोटं चालवून बघा, फोटो बघून घेऊ नका. घरी किंवा कचेरीत वापरायचा असेल तर निळा नको, तपकिरी घ्या. उजवीकडचा आकड्यांचा भाग सोडू नका, आपल्या कामात आकडे फार. स्विच उपसून बदलता येतो का ते विचारा. दिव्यांना भुलू नका. आणि आधी टेबलाची उंची बघा, मग कीबोर्ड.

यंदा जूनची गर्दी सुरू व्हायच्या आत एक काम करा. तुमच्या गावच्या केंद्रात, ग्रामपंचायतीत गेलात की दाखला मागायच्या आधी एकदा ऑपरेटरच्या कीबोर्डकडं नजर टाका. कळा अडकत असतील तर सरपंचांना, ग्रामसेवकांना सांगा. पुढच्या मासिक सभेत विषय घ्यायला लावा. अर्जाचा नमुना माझ्याकडं तयार आहे, हवा असेल त्यानं दुकानात येऊन न्यावा. त्याच्या टायपिंगचे पैसे घेणार नाही.